कार्डावरची लाख, बरणीतलं मीठ आणि माझी फजिती

जुलै महिना, बाहेर धो धो, मी दुकानाचं शटर वर करतोय तेवढ्यात फोन. मालगुंडच्या होमस्टेवाल्या काकू. त्यांच्या एसीचं कार्ड, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, मीच दुरुस्त केलं होतं. "भाऊ, तुम्ही कार्ड बसवून गेलात त्याला तीन आठवडे पण नाही झाले, परत तीच लाइट लुकलुकायला लागलीय, पाहुणे वैतागलेत." मी विचारलं काकू दुपारी चालतो का एसी, तर म्हणे हो, दुपारी जरा उघडीप झाली की आपोआप चालू होतो, रात्रभर पाऊस लागला की सकाळी बंद. हे ऐकलं आणि पोटात गोळाच आला, कारण असा फॉल्ट म्हणजे पार्ट गेलेला नसतो, ओल असते. आणि ओल कुठे असणार तर मी स्वतः मारलेल्या कोटिंगच्या खाली.

रत्नागिरीत एसीची, वॉशिंग मशीनची, झालंच तर मिरकरवाड्याच्या बोटींवरच्या फिशफाइंडरची कार्डं दुरुस्त करायची म्हणजे निम्मं काम इलेक्ट्रॉनिक्सचं आणि निम्मं खाऱ्या हवेचं. गिऱ्हाईक कार्डावरचा चकचकीत थर बघून म्हणतं "कंपनीने लाख ओतून ठेवलीय, कोणी रिपेअर करू नये म्हणून." तसं नसतं हो. (काही कंपन्या पार्टचे नंबर घासून टाकतात ते मात्र त्याच कारणासाठी, त्यांना माझ्याकडून शिव्या रोज जातात.) ही लाख म्हणजे कॉन्फॉर्मल कोटिंग, कार्डाच्या अंगाला घट्ट बसणारा पातळ थर, ओल, धूळ, मुंग्या, पालीचं मूत यांच्यापासून वाचवायला. पातळ म्हणजे किती, तर आयपीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्सची मानकं ठरवणारी संस्था) स्टँडर्डमध्ये अॅक्रिलिक, पॉलियुरेथेन आणि इपॉक्सीला ३० ते १३० मायक्रॉन धरलंय, सिलिकॉनला ५० ते २१०. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. आणि ते हिरवं दिसतं ना, ते कोटिंग नव्हे, तो सोल्डर मास्क, तो कार्ड बनवतानाच येतो. कोटिंग त्याच्यावर, पार्ट बसवून झाल्यावर.

तर पहिल्या वेळेला मी काय केलं होतं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमधल्या कार्डावर घरातल्या २३० व्होल्ट सप्लायचं डीसी बनतं, ते साधारण ३२५ व्होल्ट. ते मोजायला वरच्या बाजूला ३३० केचे (के म्हणजे किलोओम) तीन रेझिस्टर सिरीजमध्ये आणि खाली एक छोटा, त्या छोट्यावरचं व्होल्टेज बघून कंट्रोलर ठरवतो की बसवर, म्हणजे त्या ३२५ व्होल्टच्या लाइनवर, किती आहे. यातला एक ओपन झाला होता. मी ब्लेडने तेवढ्या जागेवरची लाख खरवडली, रेझिस्टर बदलला, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवलेला ब्रश एकदा फिरवला, फुंकर मारली आणि कॅनमधला अॅक्रिलिक स्प्रे असा मारला की कार्ड नवरीसारखं चमकायला लागलं. बेंचवर टेस्ट ओके. पाठवून दिलं. पैसे घेतले.

आता तेच कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकूंच्या पुतण्याने एसटीने आणून दिलं. भिंगाखाली धरलं तर माझ्या पॅचच्या भोवती बारीक बारीक पांढरे फोड, आणि एका पॅडच्या कडेला हिरवट कळंक, पितळेच्या पातेल्याला कल्हई गेली की धरतो तस्साच. आमच्याकडे आयटीआयचा एक पोरगा आहे, तो म्हणाला, "दादा, बुडबुडे राहिले स्प्रेचे." मी म्हटलं थांब, बुडबुडे पहिल्या दिवशी दिसले असते, हे नंतर आलेत. तिन्ही रेझिस्टर काढले. मधल्या रेझिस्टरचे दोन्ही पॅड आता कशालाच जोडलेले नाहीत, मीटर लावला तर ओएल, म्हणजे वाटच नाही, असं यायला पाहिजे, आला ८०० के. त्याच्यावर ब्लोअर धरला लांबूनच, आकडा चढायला लागला, दीड मेग (मेगाओम), चार मेग, मग ओएल. पोरगा खूश. म्हटलं आता खिडकीत ठेव अर्धा तास आणि चहा पिऊन ये. चहा पिऊन आला, मीटर लावला, परत मेगच्या खाली.

म्हणजे ३३० केच्या रेझिस्टरला शेजारून ८०० केची चोरवाट. तीन जागी अशी वाट झाली की वरची बाजू हलकी होते, खाली व्होल्टेज जास्त येतं, आणि कंट्रोलर ३२५ ला साडेचारशे समजून ओव्हरव्होल्टेज म्हणत गप्प बसतो. पार्ट सगळे चांगले, कार्ड खोटं बोलतंय.

हे का होतं ते समजायला स्वयंपाकघरात जा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं की नाही, आई त्यात तांदळाचे दाणे टाकते? मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ७५ च्या खाली हवा येतेय कशाला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लावलेल्या आउटडोअरच्या कार्डावर हे मीठ बसलेलं असतंच, डोळ्याला दिसत नाही. मी त्याच मिठावर वरून स्प्रे मारला. आता तुम्ही म्हणाल वरून झाकलं ना मग पाणी कुठून येतं, तर गंमत अशी की ही सगळी कोटिंगं पाण्याचा थेंब अडवतात पण वाफ पूर्ण अडवत नाहीत, हळूहळू आत झिरपतेच. आत मीठ नसेल तर ती वाफ येते तशी जाते, काही बिघडत नाही. आत मीठ किंवा सोल्डर करताना लावलेल्या फ्लक्सचा चिकटा असेल तर ती तिथेच पाणी होऊन बसते, थर वर उचलते, फोड येतो. आणि वर थर असल्यामुळे ऊन पडलं तरी लवकर सुकत नाही. त्यापेक्षा उघडं कार्ड बरं म्हणायची वेळ.

मग बसलो नीट करायला. पैसे मिळणार नव्हते, त्यामुळे घाईही नव्हती.

आधी बसचे कपॅसिटर. कार्ड एसटीतून आलेलं, म्हणजे ते रिकामेच असणार, तरी १०० वॉटचा बल्ब लावून डिस्चार्ज करतोच, सवय आहे. सप्लायवरून नुकतंच काढलेलं कार्ड असेल तर हे विसरू नका, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे हिरो मी पाहिलेत आणि त्यांचे स्क्रूड्रायव्हरही पाहिलेत.

मग ओळख परेड. माझा पॅच अॅक्रिलिकचा हे मला माहीत, पण खालचं कंपनीचं काय आहे? पहिल्या वेळी मी हा प्रश्नच विचारला नव्हता. कोपऱ्यात, जिथे पार्ट नाहीत अशा जागी, कापसाची काडी आयपीएत भिजवून मिनिटभर दाबून धरायची. चिकट झालं, काडीला तंतू आले तर अॅक्रिलिक, कधी कधी आयपीएला दाद देत नाही मग अॅसिटोनला देतं. नखाने दाबलं की रबरासारखं दबून परत वर येतं आणि सॉल्व्हंटला ढिम्म, ते सिलिकॉन. कडक आहे आणि अॅसिटोनने विरघळत नाही, नुसतं फुगून सुरकुततं, ते बहुतेक पॉलियुरेथेन. काचेसारखं कडक आणि कशालाच ऐकत नाही ते इपॉक्सी, त्याच्या नादी शक्यतो लागू नये. पाचवं एक पॅरिलीन असतं, ते व्हॅक्यूममध्ये वाफेतून चढवतात, आपल्या दुकानात ना येतं ना जातं.

काकूंचं निघालं अॅक्रिलिक. सुटलो.

काढायची माझी पद्धत अशी की टिश्यूचा तुकडा कापायचा नेमका जागेएवढा, अॅसिटोनचे थेंब त्यावर टाकायचे, वरून अॅल्युमिनियम फॉइल दाबायचा म्हणजे उडून जात नाही, आणि पाचसात मिनिटं दुसरं काम करायचं. मग लाख लुसलुशीत होते, ती लोटायची. लोटायला ब्लेड नाही. ब्लेडने मी मागच्या वेळी एका प्रिंटवरचा, म्हणजे तांब्याच्या रेघेवरचा, मास्क खरवडला होता, कळंक तिथूनच सुरू झालेला. मी खराट्याची हीर वापरतो, टोकाला तिरकी तासून, नारळाची हीर एवढी चिवट असते की लाख निघते आणि तांब्याला ओरखडा येत नाही, आणि कोकणात फुकट. अगरबत्तीची काडीपण चालते पण लवकर मऊ पडते. एक गोष्ट मात्र पोराला दहादा सांगावी लागली, कापसाची काडी एका दिशेला पुसायची आणि फेकायची, तीच काडी गोल गोल फिरवलीस तर विरघळलेली लाख सगळ्या कार्डावर पसरते आणि आयसीच्या पोटाखाली जाऊन बसते, काढलीस कुठे, जागा बदललीस नुसती. अॅसिटोन कनेक्टरच्या आणि रिलेच्या प्लॅस्टिकला पण खातं, एबीएस, पॉलिकार्बोनेट असलं तर पांढरं पडून चिरा जातात, म्हणून थेंब म्हणजे थेंब, धार नाही.

सिलिकॉन असतं तर सॉल्व्हंटचा नाद सोडून हिरीने कड उचलून सोलत बसलो असतो, गवारीच्या शिरा काढतात तसं. पॉलियुरेथेनला ब्लोअर कमी ठेवून मऊ करून खरवडायचं. तापत्या आयर्नने आरपार सोल्डर करायची फार लोकांना सवय आहे, धूर निघतो, चालतंय म्हणतात. पॉलियुरेथेन जळलं की आयसोसायनेट निघतात. भोपाळला १९८४ मध्ये जे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट, त्याच कुळातलं नाव आहे हे. आपण करतो तेवढ्यात गाव मरत नाही पण दमा लागायला पुरतं, खिडकी उघडी आणि फॅन बाहेरच्या बाजूला पाहिजे. शिवाय जळलेली लाख म्हणजे कोळसा, आणि ३२५ व्होल्टच्या दोन पॅडमध्ये कोळशाची रेघ म्हणजे पुढच्या फटाक्याची सोय.

आता धुणं. इथे मी वर्षानुवर्षं गाढवपणा केलाय. आयपीए मारलं म्हणजे साफ झालं असं डोक्यात बसलेलं. अरे पण मीठ आयपीएत विरघळतं कुठे! फ्लक्स निघतो, तेलकटपणा निघतो, मीठ तिथेच, वरून कार्ड कोरडं आणि स्वच्छ दिसतं म्हणून तर फसायला होतं. मीठ पाण्यातच जाणार. नळाचं पाणी नको, त्यात स्वतःचेच क्षार, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ना पाच लिटरचा कॅन, ते कोमट करून मऊ ब्रशने तीनदा धुतलं. कार्डाला पाणी लावतोय बघून पोरगा अक्षरशः दोन पावलं मागे सरकला. कार्डाला करंट नसताना पाण्याचं भय नाही, पाणी आत राहिलं तर भय. उघड्या रिले, बझर, ट्रान्सफॉर्मर यांना वाचवायचं, किंवा आधी काढून ठेवायचे. शेवटी आयपीएने निथळवायचं, ते पाण्याला ओढून घेऊन जातं.

मग सुकवणं. माझ्याकडे एक पत्र्याचा खोका आहे, आत ६० वॉटचा बल्ब आणि मांसाहारी लोकांच्या किचनमधला असतो तसा काट्याचा थर्मामीटर, ६० डिग्रीच्या आसपास धरून तीन तास. आयपीएने ओलं कार्ड थेट खोक्यात ठेवू नका, वास पूर्ण जाईपर्यंत बाहेर फॅनखाली. एकदा ठेवलं होतं. भक्क झालं. माझ्या डाव्या भुवईत अजून एक फट आहे, बायको लोकांना सांगते लहानपणी पडले.

तीन तासांनी तेच दोन पॅड, मीटर, ओएल. मुद्दाम रात्रभर खिडकीत ठेवलं, बाहेर पाऊस, सकाळी परत मीटर, ओएल. तेव्हा कुठे नवीन रेझिस्टर टाकले, आणि ते सोल्डर केल्यावर नवीन फ्लक्स आला म्हणून तेवढी जागा पुन्हा धुतली पुन्हा सुकवली. कंटाळवाणं आहे, माहितीये.

कोटिंग. पावसाळ्यात फर्निचरचे पॉलिशवाले काम घेत नाहीत, पॉलिश पांढरं पडतं म्हणून, ऐकलंय ना? हेही तसंच. स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना जागा थंड करतं, हवेतली ओल त्यावर धरते आणि अॅक्रिलिक दुधाळ होतं. म्हणून कार्ड खोक्यातून काढून हाताला कोमट लागतंय तोवरच मारायचं, आणि दुकानातला एसी तासभर आधी लावून ठेवायचा, बायकोच्या मते हा एसी मी ह्याच कारणासाठी लावतो हे थाप आहे. आधी पिवळी कॅप्टॉन टेप, कनेक्टर सगळे, हीटसिंकला टेकणारा भाग, रिलेचं भोक. कनेक्टरची टेप नीट दाबा, कारण पातळ लाख फटीतून स्वतःच चढत जाते, मागे एकदा फॅनच्या कनेक्टरमध्ये शिरली आणि मी दोन तास मोटरमध्ये फॉल्ट शोधत बसलो, मोटर ठणठणीत.

एवढ्याशा पॅचला मी आता कॅन वापरतच नाही. चित्रकलेचा चार नंबरचा ब्रश, लाख एका झाकणात काढून, पातळ हात, वीस मिनिटांनी आडवा दुसरा हात. जुन्या लाखेच्या कडेवर पाच-सहा मिलिमीटर आतपर्यंत चढवायचा, अॅक्रिलिकवर अॅक्रिलिक असेल तर कड विरघळून एकजीव होते. खाली सिलिकॉन असेल तर वर सिलिकॉनच, त्यावर दुसरं काही चिकटत नाही, पाण्यासारखं गोळा होऊन बाजूला पळतं. आणि सिलिकॉन म्हणजे बाथरूमच्या फटीत भरायची ट्यूब नव्हे! ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून सुकताना अॅसिटिक अॅसिड सुटतं, ते तांबं खातं. ते मारलेली कार्डं महिन्याला दोन तरी येतात माझ्याकडे, आंबट वास आला की मी आधी हात जोडतो. नेलपॉलिशवाले, हॉट ग्लूवाले, एमसीलवाले वेगळेच.

जाड थर दिला म्हणजे भक्कम, हाही गैरसमज. जाड थरात सॉल्व्हंट अडकतं, वरून सुकतं आत ओलं, नंतर गरम-थंड होताना तडकतो, आणि आयसीखाली भरला तर तापल्यावर तोच पाय उचलतो.

शेवटी टॉर्च. बऱ्याच कोटिंगमध्ये अल्ट्राव्हायोलेटखाली चमकणारा रंग असतो, लाइट घालवून टॉर्च मारला की लाख निळी पेटते आणि जिथे नाही तिथे काळं. चांगला टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा, पण नोटा तपासायचा बाजारू टॉर्चसुद्धा बरंच दाखवतो. काकूंच्या कार्डावर मला दोन काळे ठिपके दिसले, दोन्ही पार्टच्या पायांच्या टोकाला. नेहमी तिथेच राहतं, ओली लाख टोकावरून सरकून खाली येते, टोक उघडं. ब्रशने ठिपके भरले, चोवीस तास हात लावला नाही, बुधवारी मालगुंडला जाऊन बसवलं. काकूंनी सोलकढी दिली, पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा गेला, म्हणजे फोन कोरडा, पाऊस होताच. गेल्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या खोलीच्या एसीचं कार्ड पाठवलं, चालू असलेलं, सोबत निरोप, "याला पण तसंच धुऊन लाख लावून द्या, बंद पडायच्या आधीच." अंधार करून टॉर्च मारला. कंपनीचं कोटिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळं, कुठे फोड नाही, काळं नाही. कनेक्टरजवळ एक वाळलेली पाल होती तेवढी चिमट्याने काढली आणि कार्ड तसंच परत पाठवून दिलं.